व्हय म्हाराजा म्हणण्याआधी

प्रिय बाबा,

फोनवर बोलून बघितलं, पण जमत नाही. तुम्ही ऐकता, मान हलवता, असं आई सांगते. मला काही ती मान दिसत नाही. मी एकटीच बडबडते आणि शेवटी ‘बरं, ठेवते’ म्हणून ठेवते. व्हिडिओ लावला की तुम्ही उठून माडांना पाणी घालायला जाता, हेही आईने सांगितलंय. म्हणून पत्र. हे हातात धरून बसावंच लागेल, अर्धवट टाकून माडात पळता येणार नाही.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. माझा प्रबंध परत आला. आज नाही, गणपतीतच आला होता. आईने तोवर शर्मिलाकाकीपासून सगळ्या वाडीला सांगून ठेवलं होतं की पोरगी एम.ए. झाली, आणि तुमचा घसा बसला होता, तेव्हा मी गप्प राहिले. घसा आरत्या म्हणून बसलाय असंच आपण सगळे समजत होतो. आता मे महिना संपायच्या आत प्रबंध पुन्हा लिहून द्यायचाय. नाही दिला तर एम.ए. राहिलं, पुढचं सगळंच राहिलं. लिहून बराचसा झालाय. एका जागी अडलाय.

परत का आला, तर त्यातली पानंच्या पानं दुसऱ्यांच्या पुस्तकांतली निघाली. हल्ली असलं शोधायला यंत्र असतं, ते जुळणारी वाक्यं रंगवून दाखवतं. माझा प्रबंध शिमग्यात सापडलेल्या माणसासारखा दिसत होता. पण बाबा, मी चोरी करत नव्हते. चांगलं वाक्य दिसलं की मी ते मनापासून उतरवून घ्यायचे, आणि मोठ्या माणसाचे शब्द बदलणं मला अगोचरपणा वाटायचा. देवापुढे घालायच्या गाऱ्हाण्यातले शब्द कुणाचे, हे आपल्याकडे कोण विचारतं? तुमच्या आजोबांनी म्हटले, तुम्ही म्हणता. उलट एखादा शब्द सुटला तर वाडीतले म्हातारे डोळे वटारतात. त्या घरात वाढलेली मुलगी अवतरण चिन्हं कुठून शिकणार, असं मी माझ्या गाईड इनासिया मॅडमना रडत रडत म्हटलं होतं. त्या हसल्या, पण प्रबंध काही त्यांनी पास केला नाही.

मॅडम मालवणच्याच. वर्गात छापील मराठी बोलतात आणि रागावल्या की घरच्या भाषेवर येतात. गणपतीनंतर दर शनिवारी त्यांनी मला एकेक लेख वाचायला लावला. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो आणि काय सांगायचं टाळतो, हे समासात लिहायचं. मी आपली प्रत्येक परिच्छेदापुढे ‘बरोबर’, ‘अगदी खरं’, ‘सुंदर मुद्दा’ असं लिहून न्यायचे. तिसऱ्या शनिवारी त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, “गो सृष्टी, तू वाचतंस काय गाऱ्हाण्याक उभा रवतंस? सगळ्याक आपला व्हय म्हाराजा!” मला फार लागलं ते. पण खोली गाठेपर्यंत पटलंही होतं. मी आयुष्यभर तेच करत आले होते, शाळेत, कॉलेजात, पुस्तकांपुढे. मग हळूहळू ‘कशावरून?’ असं लिहायला शिकले. पहिल्यांदा पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात लिहिलं, एवढी मोठी माणसं ती. आता सवय झालीय. आईला ‘कशावरून?’ विचारू नये एवढं मात्र कळलंय.

प्रबंध गाऱ्हाण्यावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्याच पानावर व्याख्या आहे: ‘गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं, ज्यातल्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक होकार देतात.’ तुम्हाला हसू येईल. तुम्ही नारळ हातात घेऊन जे म्हणत आलात, त्याची मी व्याख्या केली. पण तिसऱ्या प्रकरणात जे पूर्ण गाऱ्हाणं दिलंय, ते मी कुठून घेतलं असेल? आचऱ्याच्या बाजारात मिळालेल्या छापील पुस्तिकेतून. मॅडमनी ते वाचलं, पानं पुढे-मागे केली आणि विचारलं, “तुझो बापूस गाऱ्हाणा घालता मा? मग तो हेच्यात खंय आसा?” मी म्हटलं, बाबा संदर्भ कसे असतील, ते तर घरचेच. त्यांनी सांगितलं, घरी जा आणि त्यांचा आवाज भरून आण. मी हो म्हटलं. जत्रेला जायचंच आहे, तेव्हा भरू, असं ठरवलं. चार तासांवर घर होतं बाबा. एखाद्या शनिवारी मी येऊ शकले असते.

जत्रेच्या आधी गोव्यात तुमचं ऑपरेशन झालं. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. डॉक्टरांनी जे वाचवायचं ते वाचवलं आणि जे गेलं ते गेलं. तरी एक सांगते. आवाज गेल्याचं समजलं तेव्हा मला आधी तुमची हाक आठवली, प्रबंध नाही. होडीतल्या माणसांना किनाऱ्यावरून ऐकू जाईल अशी तुमची हाक, आणि तिची मला मैत्रिणींपुढे लाज वाटायची.

जत्रेला तुम्ही देवळात आला नाहीत. गाऱ्हाणं तुमच्या जागी शर्मिलाकाकीच्या सुदेशदादाने घातलं. त्याने मोबाईल बघून वाचलं, तीच पुस्तिका होती. चांगलं वाचलं त्याने, त्याला नावं ठेवू नका. मीही पुस्तिकेवरच गेले होते. लोक व्हय म्हाराजा म्हणत होते, मीही म्हणत होते. शेवटी शिकायला गेलेल्या पोरांसाठीची तुमची ती ओळ येणार म्हणून मी आपोआप मान खाली घातली, आणि ती आलीच नाही. नारळ फुटला, लोक जेवायच्या रांगेकडे वळले. मी तशीच उभी होते. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ती ओळ पुस्तिकेत नाही, गाऱ्हाण्यातही नाही. ती तुमची होती. मी बी.ए.ला बाहेर गेले त्या वर्षापासून तुम्ही ती स्वतःच घालत होतात, आणि वाडीतल्या एकाही म्हाताऱ्याने डोळे वटारले नाहीत. लिहिलेलं आहे ते तर कुणीही वाचतं, काय गाळलंय तेही वाचायला शीक, असं मॅडम सांगायच्या. ते मी देवळात शिकले, आणि फार उशिरा.

माझा प्रबंध अडलाय तो त्या ओळीपाशी. ‘आणि म्हाराजा, जी पोरां शिकाक भायर गेली हत, तेंका...’ इथवर मला येतं, पुढचं येत नाही. सुदेशदादाला विचारलं, तो म्हणाला, “काका बरा कायतरी म्हणायचो.” आई म्हणते ती तेव्हा पाठीमागे भात उपसत असायची. एक शेवट मी माझ्या मनाने लिहूनही बघितला. छान जमला होता, यंत्राने पकडला नसता, मॅडमनाही कळलं नसतं. पण तो तुमचा नव्हता, म्हणून खोडला. मॅडम म्हणाल्या, नाही मिळाली तर जागा कोरी सोड आणि खाली बापसाचं नाव लिही. तसं ठेवलंय. रोज ते पान उघडते आणि मिटते.

मला पुढचं का येत नाही, ते सांगायला हे पत्र लिहिलं. तुम्ही ती ओळ सुरू केलीत की सगळं देऊळ माझ्याकडे बघायचं. वाडीतून शिकायला बाहेर गेलेली मी एकटीच. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून तुमचं ‘तेंका’ झालं की मीच सगळ्यांच्या आधी, मोठ्याने, व्हय म्हाराजा म्हणून टाकायचे, आणि माझ्या पाठोपाठ सगळे. तुम्ही पुढे माझ्यासाठी काय मागत होतात, ते मी एकदाही ऐकलं नाही. आईने तुम्हाला पाटी आणून दिलीय आणि तुम्ही तिच्यावर ‘चाय’ आणि ‘नको’ सोडून काही लिहीत नाही, हे मला माहीत आहे. तरी मागते. ती ओळ पाटीवर लिहा, बाबा. आई फोटो काढून पाठवेल. सावकाश लिहा, आज नाही तर उद्या. या वेळी तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

तुमचीच,
सृष्टी