सतराव्या पायरीवरचं दार

३ फेब्रुवारी

साहेब,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, वहिनीसाहेबांना आठवण, सगळं पोचलं असं समजा. इकडे माझा गुडघा चालत नाही आणि आमच्या हिची जीभ थांबत नाही, म्हणजे सगळं पूर्वीसारखंच.

तुमचं खोकं काल मिळालं. आत दोनशे चौदा तुकडे, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले. आपलंच हेलिकॉप्टर, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. वरती तुमची चिठ्ठी. एवढे मोठे अधिकारी तुम्ही, पण पाच ओळींच्या पुढे कधी गेला नाहीत. ‘तुकडीच्या स्मृतिदालनात ठेवायचं आहे. रंग स्वच्छ. दार बंद. बाहुल्या नकोत. महिनाअखेर हवं.’ आणि खाली मला गुदगुल्या करायला, ‘मागचे डोळे अजून शाबूत आहेत ना?’

हिने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, हे मागचे डोळे काय प्रकरण? इतक्या वर्षांत मी तिला सांगितलंच नव्हतं. मग सांगितलं. वैमानिकाला पाठीमागचं काही दिसत नाही. मागच्या दारात मेकॅनिक उभा असतो, तो कानातल्या यंत्रातून सांगतो की शेपूट मोकळं आहे, चाक टेकलं, माणसं चढली. तो सांगेल ते खरं मानायचं आणि उडायचं. म्हणून साहेब मला मागचे डोळे म्हणायचे. ही म्हणाली, “तुम्हाला घरात समोर ठेवलेला चष्मा दिसत नाही, आणि त्यांनी तुमच्या डोळ्यांवर विमान उडवलं?” मी म्हटलं, विमान नाही, हेलिकॉप्टर. एवढंच बोललो.

आता मुद्द्याचं. मला राग आलाय. वार्षिक मेळाव्यात सगळ्यांसमोर तुम्ही परस्पर जाहीर केलंत की मॉडेल हाच करणार, याचा हात सोन्याचा. मला विचारलंत? तुम्हाला विचारायची सवयच नाही.

आणि स्वच्छ रंग म्हणजे काय हो? आपलं यंत्र एक दिवस तरी स्वच्छ होतं का? धुराड्यामागे काजळी, पोटाखाली तेलाचे ओघळ, डाव्या कुशीवर मी ठोकलेलं ठिगळ, ज्याचा हिरवा शेवटपर्यंत बाकीच्या हिरव्याशी जुळला नाही. पेटीतून काढलेल्या बुटासारखं चकचकीत करून ठेवायचं असेल तर दुकानातून तयार खेळणं आणा की.

दारावरून तर माझं डोकंच फिरवलंत. माहितीपत्रकात सतराव्या पायरीवर दोन चित्रं आहेत. एकात दार उघडं, एकात बंद. खाली लिहिलंय, हवं ते निवडा. ज्याने हे खोकं बनवलं त्याची आपली ओळख ना पाळख, त्याने मुभा दिली. तुम्ही ती चिठ्ठीतल्या दोन शब्दांत काढून घेतलीत.

बंद का, ते कळवा. सविस्तर कळवा.

तुमचा,
मेकॅनिक


१४ फेब्रुवारी

साहेब,

पत्र मिळालं. सविस्तर म्हटलं होतं, तुम्ही चारच ओळी वाढवल्यात. हेही नसे थोडके.

आधी कामाचा अहवाल देतो. जेवणाचं टेबल आता माझं आहे, आम्ही दोघं ताट मांडीवर घेऊन जेवतो. अर्धी भांडणं त्यावरूनच होतात. हिची भुवया कोरायची चिमटी, नखं घासायची कानस आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे जप्त केलेत. नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर मॉडेल शेपटावर बसतं. त्यासाठी हिने पडद्याच्या काठात घालायला आणलेले शिशाचे मणी वापरले. पडदे आता वाऱ्यावर नाचतात आणि ती मला बोलते. आतल्या बाकावर बारा जागा आहेत. प्रत्येकीचे पट्टे दात कोरायच्या काडीने रंगवले. दोन दिवस लागले. बाराव्या जागेचा पट्टा वाकडा गेला, ती पुसून पुन्हा केली.

आणि दार बंद केलं. हो, केलं! तुमचा हुकूम होता ना. घाईत चटकन चिकटणारा गोंद वापरला. पहिल्या वर्षाचा नवशिका करतो ती चूक, या वयात. तो गोंद बंद जागेत वाफ सोडतो, ती काचेवर आतून बसते. सकाळी बघतो तर दाराच्या दोन्ही खिडक्या पांढऱ्या धुरकट. आता आतलं काही दिसत नाही. बारा जागा रंगवल्या त्या कुणासाठी? बाहेरून पुसून उपयोग नाही, घाण आतल्या बाजूला आहे. मी ते उचलून भिंतीवर आपटणार होतो. हिने हात धरला.

आता तुमचं पत्र. तुम्ही लिहिता, ‘चौकशीच्या कागदावर जे आहे तेच दालनात राहील. आचाऱ्याची बायको उद्घाटनाला येणार आहे. तिच्यासमोर उघडं दार नको.’

वा! तिची काळजी. साहेब, त्या कागदावर काय आहे ते मला पाठ आहे. डोंगरावरची चौकी, बारा माणसं, वर तोफगोळे. वजन जास्त झालं म्हणून वैमानिकाच्या आदेशाने अकरा जण घेऊन दार बंद करण्यात आलं, चौकीचा आचारी मागे राहिला आणि तोफगोळ्यांत गेला. पुढे काय झालं तेही आहे. मेकॅनिकला शौर्याबद्दल शाबासकीपत्र, ते आमच्या भिंतीवर चौकटीत आहे. वैमानिकाचं उड्डाण बंद, टेबलावर बदली. बत्तीस वर्षांचे होतात तुम्ही. त्यानंतर कधी उडाला नाहीत. मी तुम्हाला त्या टेबलाशी बसलेलं पाहिलंय, खिडकीबाहेर कुणी उड्डाण केलं की पेन थांबायचं.

आणि तो मेळावा आठवतो? पाच वर्षांपूर्वीचा. आचाऱ्याची बायको आली होती, करडी साडी, हातात पिशवी. तुम्ही दोन पावलं पुढे झालात. तिने तुमच्याकडे सरळ पाठ फिरवली. मग ती माझ्याकडे आली आणि तिने हात जोडले. म्हणाली, “तुम्ही निदान अकरा जणांना तरी ओढून घेतलंत. तुमच्या हातात असतं तर त्यांनाही घेतलं असतंत, माहितीये मला.”

माझ्या हातात जेवणाची ताटली होती. मी ती तशीच धरून उभा राहिलो, आणि ती गेल्यावर जेवलोसुद्धा. तुम्ही खाली मान घालून उभे होतात. तेव्हा मला तुमचा जो संताप आला, साहेब, तो आजतागायत उतरलेला नाही. तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला? मूग गिळून बसायचा मक्ता घेतलाय का?

आज थांबतो. राग जास्त झाला की अक्षर बिघडतं.

मेकॅनिक


२५ फेब्रुवारी

साहेब,

हे पत्र पार्सलच्या आत, मॉडेलखाली ठेवतोय. आधी मॉडेल बघा, मग वाचा. बघितलंत? मग तुम्हाला कळलंच असेल की मी तुमचं एकही ऐकलेलं नाही.

सोमवारी मी ते दार तोडलं. पातं घालून सगळ्या कडेने कापलं, अंगठाही कापला, डाव्या कुशीतला तपकिरी डाग त्याचा आहे, तो रंगाने झाकलेला नाही. काजळी घातली, तेलाचे ओघळ घातले. ठिगळाचा हिरवा मुद्दाम चुकवला. पंख्याची पाती थोडी खाली वाकवली, उभ्या हेलिकॉप्टरची लोंबतात तशी. दाराला नव्या खिडक्या बसवल्या, स्वच्छ. दार सरकवून उघडं ठेवलं आहे.

बाहुल्या नकोत म्हणालात. एकच लावली आहे. दारात उभी आहे, हात कडीवर. माझा त्या वेळचा खाकी सदरा कोपराला विटलेला होता, तिचाही तेवढाच विटवला आहे.

आता ते लिहितो, जे मी दोन पत्रांत तुमच्यावर ओरडून टाळलं.

तुम्ही एक चाक खडकावर टेकवून सगळं यंत्र हवेत धरलं होतं. मी माणसं ओढत होतो. अकरा झाली. तेवढ्यात गोळा पडला, दगडांचा सडा दारावर आला. मी बाहेर पाहिलं. आचारी खालच्या खोपीतून वर पळत येत होता. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. त्याने हात वर केला होता. ओरडत नव्हता. सुटलेली बस थांबवायला आपण हात करतो ना, तसा. थांबा, आलोच. तीस पावलं असतील. तुम्ही माझ्या कानात विचारलंत, “बारा?”

मी म्हणालो, “बारा. दार बंद. निघा.”

वजन जास्त नव्हतं. तुम्ही आदेश दिला नव्हता. तुम्ही मला विचारलंत आणि मी खोटं सांगितलं. मी भ्यालो, साहेब. याला दुसरा शब्द एकतीस वर्षं शोधतोय, परिस्थिती म्हणून पाहिलं, जबाबदारी म्हणून पाहिलं. भ्यालो, एवढाच शब्द आहे. आणि वर जाताना मी दाराच्या काचेतून पाहिलं. तो पोचला होता. जिथे आपलं चाक टेकलं होतं, तिथे गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा होता. दोन श्वास थांबलो असतो तर तो आत असता. ती काच धुरकट नव्हती हो. मला त्याचा चेहरा दिसला. दर खेपेला पंख्याच्या वाऱ्यात न सांडता चहाचा मग आणून द्यायचा तो माणूस.

खाली उतरल्यावर तुम्ही उतरणारे मोजलेत. अकरा. माझ्याकडे एकदा पाहिलंत. चौकशीत त्यांनी विचारलं, दार कुणी लावलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, आदेश माझा होता.

कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कोण तुम्ही माझी चूक पळवणारे? मी तेव्हा बोललो असतो, शपथेवर सांगतो. कदाचित नसतो बोललो, पण ते माझं मला ठरवू द्यायला हवं होतं. तुम्ही मला वाचवलं नाहीत. मला एका चौकटीत घालून भिंतीवर टांगलंत. तुमच्या टेबलाचं पाप माझ्या माथी, आचाऱ्याचं पाप माझ्या माथी, आणि भिंतीवर शाबासकी! दर नव्या वर्षाला तुमचं शुभेच्छापत्र येतं, ‘मागच्या डोळ्यांना’, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा तरी विचारायचंत. मोठ्याने. एकदा तरी शिवी द्यायचीत.

हिला परवा सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, “एकतीस वर्षं मी त्या चौकटीवरची धूळ पुसतेय.” उठली, खुर्चीवर चढली, चौकट काढून माझ्यासमोर टेबलावर पालथी ठेवली. मी म्हटलं, मला काही तरी बोल. ती म्हणाली, “मला कशाला सांगता? जिला सांगायचंय तिला सांगा.” तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. जेवायला मात्र वाढते.

म्हणून काल आचाऱ्याच्या बायकोला पत्र टाकलं. सहा वेळा फाडलं, सातव्यांदा टाकलं. त्यात माझी तारीफ नाही आणि सबबही नाही. त्याला बूट घालायला वेळ मिळाला नव्हता, तो पोचला होता, हे लिहिलं. तिला हे कळल्याने बरं वाटणार नाही, मला माहीत आहे. पण पाठ कुणाकडे फिरवायची ते तिचं तिला ठरवू दे. तुम्ही आता तिला फोन करून सारवासारव करू नका. हात जोडतो. खरं म्हणजे हात जोडत नाही, बजावतो.

मॉडेलचं दार बंद करायचं असेल तर तुमच्या हाताने बंद करा. मी मुद्दाम गोंद लावलेला नाही, नुसतं बोटाने सरकतं. पण मी उद्घाटनाला येणार. गुडघा गेला खड्ड्यात, येणार. त्या काचेच्या पेटीशेजारी उभा राहीन. ती आली तर तिच्यासमोर, नाही आली तर जे असतील त्यांच्यासमोर. तुम्ही फक्त एक करा. जे त्या दिवशी कानात विचारलंत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा.

“बारा?”

अकरा, साहेब. अकराच.

मागचे डोळे