ओट्यासमोरची भिंत पाडल्यानंतर केलेली निरवानिरव

मी, श्रीमती रत्नप्रभा धाकू परब, वय एकोणसत्तर, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, माझ्या नव्या ओट्यावर कागद पसरून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. डॉक्टरीणबाई शीतल कांबळी यांनी तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेलं नाही. जिवावरचा आजारही नाही. उलट इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलेलं नाही, आणि मन असं आनंदात असतानाच वाटणी करून टाकावी, असा विचार केला. दुखावलेल्या मनाने केलेली वाटणी कशी होते, ते पहिल्याच कलमात आहे.

कलम १. गेल्या दिवाळीनंतर मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात माझा एकुलता मुलगा प्रीतम याला काहीही ठेवलं नव्हतं. ते मी या लेखाने रद्द करते. त्या दिवशी ते चुकलं होतं असं मात्र मी म्हणत नाही. ते का केलं आणि का रद्द केलं, हे पुढे लिहिते. वकीलबाई राधा केळुसकर म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात कारणं द्यावी लागत नाहीत." मी म्हटलं, कायद्याला लागत नसतील, मला लागतात.

कलम २. माझी राहती जागा, म्हणजे सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरची हॉल आणि स्वयंपाकघर असलेली खोली, सर्वस्वी माझ्या नावावर आहे. माझे यजमान कै. धाकू परब गिरणीत फिटर होते. गिरणी गेल्यावर त्यांनी मुलुंडभर ग्रिलं आणि शिलाई यंत्रं दुरुस्त करून ही जागा घेतली व हयातीतच माझ्या नावे केली. माणूस लाखात एक. पण हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीचा विषय काढला की म्हणायचे, "फुडल्या वर्षाक बगूया गो."

त्या भिंतीला चिकटून माझा ओटा होता. भाऊबंद यायचे, गणपतीला तर हॉल गच्च भरायचा. मी भिंतीकडे तोंड करून घावणे काढत असायचे. पलीकडे हसण्याचा आवाज यायचा, पण कशाला हसले ते कळायचं नाही. ताट घेऊन बाहेर जाईपर्यंत गोष्ट संपलेली असायची. कोणाला विचारलं तर म्हणायचे, "काही नाही गं, असंच." लग्नापासून मी हे "असंच" ऐकत आले.

यजमान गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी ठरवलं, भिंत पाडायची.

प्रीतम पवईला राहतो. त्याने ओळखीचा कंत्राटदार केतन याला पाठवलं. केतन माझ्या हॉलमध्ये उभा राहून सगळा वेळ फोनवर प्रीतमशी बोलत होता. छताला खोटं छत, त्यात दिवे, भिंतीवर मोठा टीव्ही. मी म्हटलं, "अरे, मला ती भिंतच नको आहे." तो म्हणाला, "काकी, मग टीव्ही कुठे लावणार?" त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग आली संघमित्रा तायडे. मूळची अकोल्याकडची, वाढली घाटकोपरला. तळमजल्यावरच्यांची मोरी तिने केली होती, ती बघून मीच तिला बोलावलं. पिशवीतून टेप काढायच्या आधी ती म्हणाली, "मावशी, तुम्ही रोजच्यासारखा चहा करा, मला बघू द्या." दारात उभी राहून ती बघत राहिली. साखरेसाठी मी किती वळते, गाळणीसाठी कुठे हात ताणते. चहा झाल्यावर म्हणाली, "तुम्हाला माणसं दिसायला हवीत ना?" मी काही बोलले नव्हते, तरी तिला कळलं.

पण लगेच हातोडा घेतला नाही तिने. "ही भिंत भार घेत नसावी, पण इंजिनिअरने बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही," म्हणाली. इंजिनिअरने बघितलं, कागद दिला. तो घेऊन मी सोसायटीच्या सभेत गेले. सचिव श्री. भाऊ दळवी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, म्हातारपणी हे खूळ कशाला?" ते मला लागलं नाही. लागलं ते त्यानंतरचं. माझ्या शेजारी बसलेला माझा मुलगा उठून म्हणाला, "दळवीकाका बरोबर बोलतायत. आई, बिल्डिंग दोन-चार वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार. कोणासाठी करतेस हे?"

मी म्हटलं, "तोवर मी जेवायचं नाही का रे?"

लोक हसले. प्रीतम निघून गेला. फोन बंद झाले. कलम १ मधलं मृत्युपत्र त्याच आठवड्यातलं.

सभेने अखेर परवानगी दिली आणि भिंतीचं काम सुरू झालं. पहिली वीट निघाली तेव्हा भोकातून हॉलमधला उजेड सरळ माझ्या मसाल्याच्या डब्यांवर पडला. मी संघमित्राला म्हटलं, "थांब गं जरा." ते बघून घेतलं आणि मग म्हटलं, "हं, चालू दे."

भिंतीचा वरचा थर काढताना छताच्या तुळईचं प्लास्टर सुटून खाली आलं. आत सळया गंजून फुगल्या होत्या, काँक्रीट नुसत्या हाताने निघत होतं. संघमित्राने काम थांबवलं, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, तुळईखाली लोखंडी टेकू लावले आणि इंजिनिअरला पुन्हा बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या मिथुन नाईकला सांगितलं, स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. त्याच्या फ्रिजच्या बरोबर खाली ती तुळई. इंजिनिअर म्हणाला, ही भिंत पाडली नसती तर हे कोणाला दिसलंच नसतं. आता खालपासून वरपर्यंत सगळी स्वयंपाकघरं तपासा.

मिथुनने प्रीतमला फोन केला. तो ऑफिसातून तसाच आला. टेकूंच्या बाहेर उभा राहून मोबाइलच्या उजेडात त्या सळयांकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आई, तू रोज ह्याच्याखाली उभी राहायचीस?"

मी म्हटलं, "हो. तुझे डबे इथेच भरले."

तो खाली बसला, विटांच्या ढिगावरच. चांगली पँट होती. मीही बसले. सभेचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. तुळईला नवं लोखंड घालून होईपर्यंत रजा टाकून तो इथेच राहिला. संघमित्राने त्याला रॅबिट, म्हणजे पाडलेल्या भिंतीचा राडारोडा, उचलायच्या कामाला लावलं. तिने दोनदा सांगितलं, "दादा, गोणी अर्धीच भरा," तरी तो भरभरून उचलत होता, आणि तिसऱ्या दिवशी कमर धरून बसला.

म्हणून ही जागा माझ्यामागे प्रीतम व माझी सून सौ. जान्हवी या दोघांना समान हिश्श्याने मिळावी. इमारत नवी बांधली गेली तर मिळणारी जागाही दोघांचीच.

कलम ३. बँकेतली माझी मुदत ठेव एकट्या जान्हवीला, तिच्या स्वतःच्या नावावर. प्रीतम माझ्याशी बोलत नव्हता तेव्हाही ती दर रविवारी पवईहून येत होती. धुळीत वर्तमानपत्र अंथरून आम्ही दोघी भाकरी आणि सुकट खायचो. एकदा म्हणाली, "आई, आमच्या एवढ्या नव्या फ्लॅटमध्येसुद्धा माझं तोंड भिंतीकडेच असतं." ठेवीचं काय करायचं ते तिचं तिने ठरवावं, कोणी सल्ला देऊ नये.

कलम ४. यजमानांची हत्यारं, म्हणजे पाने, पकडी, हातोड्या आणि पितळी ओळंबा, संघमित्रा तायडे हिला. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असं वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हा संघमित्रा म्हणाली, "मग सही राहू द्या मावशी, ओळंबा द्या." अशी मुलगी मला आवडते.

कलम ५. श्री. दळवी यांना काही नाही. तुळईचं कळल्यावर सगळ्यांत आधी त्यांनीच आपलं छत तपासून घेतलं. "खूळ" हा शब्द मात्र अजून परत घेतलेला नाही. घेईपर्यंत या घरी त्यांना चहा मिळेल, घावणे मिळणार नाहीत.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्या दिवसकार्याला बायकांना आत आणि पुरुषांना बाहेर बसवू नये. आता आत-बाहेर राहिलेलंच नाही. परवा पहिल्यांदा सगळे जमले होते. मी घावणे काढत होते, मिथुनने गावच्या गाढवाची गोष्ट सांगितली, आणि मी सगळ्यांच्या बरोबर हसले. एक घावणा करपला. तो मीच खाल्ला, चांगला लागला.

कलम ७. स्वयंपाकघर झालं, आता मोरीचं काम काढलं आहे. ते चालू असताना मला काही झालं तर काम थांबवू नये, सुतकाच्या नावाखाली कारागिरांना परत पाठवू नये. लाद्या निळ्याच लावायच्या आहेत. प्रीतम करड्या म्हणेल, ऐकू नये.

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: २० मार्च २०२५

(सही) रत्नप्रभा धाकू परब

साक्षीदार: श्रीमती परब यांनी वरील मजकूर आम्हा दोघांना वाचून दाखवला व आमच्या डोळ्यांदेखत सही केली, मग आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्या पूर्ण भानावर होत्या. फक्त जरा घाईत होत्या, कारण लाद्यांचा टेम्पो खाली येऊन उभा होता.

१. (सही) डॉ. शीतल कांबळी, मुलुंड पूर्व
२. (सही) मिथुन नाईक, तिसरा मजला, हीच इमारत