नावं संपेपर्यंत

प्रिय भिंगरी,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. त्यांच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांग. त्यांचे गुडघे दुखतात ना, चेपून देत जा, पुण्य लागतं. मी बरी आहे. एक दात बरेच दिवस कुरकुरत होता, तो गेला. बाकीचे शिस्तीत आहेत. थेटर चालू, बॅटरी चालू, मीही चालू. नवा मॅनेजर म्हणतो, आजी, आता या वयात अंधारात लोकांना खुर्च्या कशाला दाखवता, घरी बसा. परवा तोच पायरी चुकला, मीच धरला त्याला. तेव्हापासून गप्प आहे.

जावईबापूंना सांग, ते जिंकले. कुत्र्याचा सिनेमा गल्ला ओढणार असं ते छातीठोक सांगत होते, आणि मी म्हणाले होते की कुत्रं कितीही गुणी असलं तरी त्याला बघायला कोण तिकीट काढेल, दारात फुकट बसलेलं असतं. हरले बाई. अजून हाउसफुल्लची पाटी उतरलेली नाही. बाहेर पडताना पोरं भुंकतात आणि बाप डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सोंग करतात. ही दोन्ही लक्षणं एकाच खेळाला दिसली की सिनेमा पडत नाही, हे मी तुला तू पहिलीत असल्यापासून शिकवलंय. आणि तो सात भावांचा मोठा सिनेमा? त्याची पोस्टरं एवढी मोठी, की समोरच्या इमारतीला ऊन मिळेना. शुक्रवारी लागला, सोमवारी आत माणसं कमी आणि पंखे जास्त. पेपरात मात्र छापलंय, छप्परफाड कमाई. छप्पर आमचंच आहे, मी बघून आले, शाबूत आहे.

आता खरी बातमी. येत्या शुक्रवारी नवा घरगुती सिनेमा लागतोय. आजोबा, बाप, पोरं, एकच मोठं घर, आधी भांडणं, मग आजारपण, मग रडारड आणि शेवटी सगळे फोटोला उभे. त्यातला एक तुकडा आम्ही सध्या दर इंटरव्हलला दाखवतो. सगळं घर जेवायला बसलंय, हसणं-खिदळणं चाललंय, आणि बाहेर गाडी थांबल्याचा आवाज येतो. झालं, सगळे चिडीचूप. बाप आत येतो. पब्लिक या जागी खो खो हसतं. मला मात्र धडकी भरते. म्हातारपण म्हणायचं, दुसरं काय. हल्ली मला घरगुती सिनेमांचीच भीती वाटते, भुताच्या सिनेमात झोप लागते.

असो. तर मालकांनी स्टाफला पास दिलेत, त्यातले दोन सोबत ठेवलेत. रविवारचा दुपारचा खेळ. पहिल्याच रविवारचं तिकीट बाहेर मिळायचं नाही, आणि जावईबापूंसारखा जाणकार पहिल्या आठवड्यात नको का बघायला? त्यांनी बघून सांगावं, चालणार की पडणार. मी म्हणते पडणार. पैज लावायची तर लावा म्हणावं. त्या रविवारी त्यांना दुसरं काम असेल तर पास वाया जातील, म्हणून जरूर यावं. त्यांच्या शब्दापुढे आम्ही काय, आम्ही आपले बॅटरीवाले.

पान उलटलंस? आता दाराला कडी घाल. घरात कुणी असेल तर पुढं वाचू नकोस. कागद पोटाशी खोच आणि बाथरूममध्ये जाऊन वाच.

जावईबापू, जावईबापू करून माझ्या जिभेला मुंग्या आल्या. इथून पुढं तो म्हणजे तो. आणि त्याची आई म्हणजे त्याची आई, तिचे गुडघे तिचं ती बघेल.

मी घाबरलेय, भिंगरी. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लिहायचं तर लांबच. याच थेटरात दारुडे, टवाळखोर, मारामाऱ्या करणारे, सगळे मी बॅटरीच्या मागच्या टोकानं सरळ केलेत. तुझे आजोबा हयात असताना एकदाच माझ्यावर हात उगारून गेले, त्यानंतर त्यांनी तो हात जन्मभर खिशात ठेवला. आणि आज मी तिकिटाच्या खिडकीत बसून लिहितेय, दुपारचा खेळ चालू आहे, व्हरांड्यात चिटपाखरू नाही, तरी फोन वाजला की पेन हातातून सुटतंय. मघाशी पॉपकॉर्नवालीनं मशीन चालू केलं तर मी कागदावर पालथी पडले. ती म्हणाली, आजी, मका आहे तो. म्हटलं, माहीतेय गं.

कशानं घाबरले ते सांगते. मागच्या खेपेला तुम्ही दोघं त्या बावळट आचाऱ्याचा सिनेमा बघायला आलात. माझी सवय तुला माहीत आहे. पडदा मी कधी बघत नाही. भिंतीला टेकून, पडद्याकडे पाठ करून लोकांची तोंडं बघते. सिनेमा तिथंच दिसतो. तू लहानपणी माझ्या स्टुलावर बसून हेच करायचीस, आणि कोण आता रडणार ते माझ्या आधी ओळखायचीस. तर त्या दिवशी आचारी चिखलात पडला, सगळं थेटर हसलं, आणि तू हसायच्या आधी मान वळवून त्याच्याकडे बघितलंस. तो हसत नव्हता. तू तोंडातला घास परत ताटात ठेवावा तसं हसू परत ठेवलंस. मला वाटलं, भांडण झालं असेल, नवरा-बायकोत होतं. पुढं परत तेच. प्रत्येक विनोदाला आधी त्याचं तोंड, मग तुझं. इतकी वर्षं मी तोंडं वाचतेय, असं तोंड फक्त शाळेच्या पोरांचं बघितलंय, मास्तर शेजारी बसलेला असताना.

मग शेवट आला, सगळे फोटोला उभे राहिले आणि तो उठला. त्याचं ठरलेलं आहे. एकही सिनेमा तो शेवटपर्यंत बघत नाही. नावं सुरू व्हायच्या आत निघतो, गर्दी व्हायच्या आधी गाडी काढायला. बाहेर उभा राहून मग लोकांना ऐकवतो, पडणार म्हणून सांगितलं होतं. तुला म्हणाला, गेटवर ये. आणि तू, जी जन्मात कधी नावं संपल्याशिवाय उठली नाहीस, जिला मी दिवे लागल्यावर ओढून बाहेर काढायची, कारण तुला चहा देणाऱ्याचं सुद्धा नाव वाचायचं असायचं, ती तू पटकन उठलीस आणि अंधारात त्याच्या मागं धावलीस. पायरी होती म्हणून मी बॅटरी मारली. तुझ्या पायाशीच मारली, भिंगरी, जशी तू पाच वर्षांची असल्यापासून मारतेय. आणि तू हात वर केलास आणि तोंड त्याआड घेतलंस.

माझी बॅटरी होती ती. माझी.

हे सगळं तुझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणाली, तू उगाच सिनेमे बघून डोक्यात खूळ भरून घेतेस, सुरुवातीला असं असतं, पुढं होईल सगळं गोड. ती माझी लेक आहे पण तिला शेवटचा फोटो तेवढा लक्षात राहतो, आधीचे अडीच तास कुणाच्या अंगावर गेले ते नाही. तिच्याशी मी बोलणं सोडलंय असं नाही, पण आता फक्त दुधाचं आणि गॅसचं बोलते.

आणि तुझा फोन. पूर्वी सोमवारी सकाळी तू फोन करायचीस, कुठला सिनेमा चालला, कुठला आपटला, आणि माझ्याशी कचाकचा भांडायचीस. मी अमक्याला बरा म्हटलं की तू मला बहिरी, आंधळी, मॅनेजरची चमची, काय वाटेल ते म्हणायचीस. किती बरं वाटायचं. आता विचारलं की म्हणतेस, हे म्हणतात चांगला आहे. हे म्हणतात पडेल. मध्ये मध्ये भांडं वाजल्यासारखा आवाज येतो, म्हणजे फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवलेला असतो आणि तो ऐकत असतो. एकदा मी विचारलं, जेवलीस का, तर उत्तर त्यानंच दिलं, हो, जेवली. मी फोन ठेवला आणि भर दुपारी दाराला आतून कडी घातली. त्याला इथं यायला कितीतरी वेळ लागला असता, आणि तो येणारही नव्हता, तरी घातली. ही माझी गत. मग तुझी काय असेल, याचा विचार सुरू झाला की मी उठून झाडायला लागते. सध्या थेटर आरशासारखं चकचकीत आहे.

आता हे पत्र का आणि असं का, ते ऐक. तुझी पत्रं तो आधी फोडतो, हे मला मागच्या पत्रावरून कळलं. त्यात मी तुला लिहिलं होतं की गच्चीचं गळतंय, आणि पुढच्या फोनवर तो मलाच म्हणाला, आजी, गच्चीचं काय झालं. पण त्याच पत्रात मागच्या पानावर मी मुद्दाम लिहिलं होतं, तुझ्या सासूचं नाक भोपळ्यासारखं आहे आणि अक्कलही त्याच भाजीची. आईबद्दल ब्र काढला तर तो घर डोक्यावर घेतो, आणि यावर एक अक्षर नाही! म्हणजे तो पहिलं पान वाचून कंटाळतो. माझं अक्षर म्हणजे झुरळ शाईत पडून चालत गेल्यासारखं, आणि वर सिनेमाच्या गप्पा. शेवटपर्यंत बसायचा त्याचा स्वभाव नाही. तू मात्र फोन ठेवताना म्हणालीस, आजी, भोपळा खात जा. मी उभ्या आयुष्यात भोपळ्याला तोंड लावलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्या दिवशी मी भिंतीला धरून रडले. दुसऱ्या मिनिटाला डोळे पुसले आणि कामाला लागले.

पहिलं पान आणि पास त्यानं आधीच बघितलेले असतील, ते त्याच्यासमोरच राहू देत. बाकीची पानं बारीक फाडून पाण्यात सोड. फुकटचा पास आणि पैज, दोन्ही तो सोडणार नाही. पासावरच्या खुर्च्या मी निवडल्यात, डाव्या कडेच्या, झाडूवाल्यांच्या दाराशेजारी, ते मागच्या गल्लीत उघडतं. तू कडेला बस. त्याला म्हण, पाय लांब करायला बरं पडतं. शेवटी फोटोला सगळे उभे राहिले की तो उठेल आणि म्हणेल, गेटवर ये. हो म्हण. आणि उठू नकोस. खुर्चीचे हात धरून ठेव. वर मशीनवाला टकल्या आहे, त्याला मी एवढंच सांगितलंय की मी खूण करेपर्यंत दिवे लावू नकोस. त्यानं कारण विचारलं नाही, नुसती टोपी काढून परत घातली. मागच्या गल्लीत खुर्च्यांची कव्हरं न्यायला लाँड्रीवाल्याची गाडी दर रविवारी येते, तिच्यात आपण दोघी कव्हरांबरोबर बसू. माझ्या खोलीवर जायचं नाही, तिथं तो आधी येईल. लाँड्रीवाल्याच्या बहिणीकडे जागा आहे, आणि दर आठवड्याला पहिल्या रांगेत बसणाऱ्या वकीलबाईंशी मी बोलून ठेवलंय. सामान काही आणू नकोस, एक पर्ससुद्धा नेहमीपेक्षा जड दिसता कामा नये. आणि समजा तो उठलाच नाही, किंवा तुला मनगटाला धरून उठवलं, तर हट्ट करू नकोस, मुकाट त्याच्याबरोबर जा. मी दुसरा सिनेमा शोधीन. घरगुती सिनेमांना तोटा नाही. पण तो गेला आणि तू बसलेली राहिलीस, तर पडद्यावरची नावं वाचत राहा, अगदी चहावाल्यापर्यंत, मागं वळून बघू नकोस. मी भिंतीच्या कडेनं येईन. या वेळी बॅटरी लावणार नाही. अंधारात खांद्याला हात लागला तर दचकू नकोस, तो माझा असेल.

तुझीच, भिंतीला टेकून तुझ्याकडे बघत उभी असलेली,
आजी