बुंदीच्या घशातलं हाड

६ जानेवारी

पहिल्यांदा आली ती शेजारची शिवकन्या. मी रिक्षातून उतरले न्हाई तोवर दारात हजर. हातात रिकामी वाटी, पण डोळे माझ्या गाठोड्यावर. शिल्पाची आज्जी ती तुम्हीच का म्हणे, जळकोटाहून कायमच्या आल्या का म्हणे. मी म्हणलं, कायमची तर देवाघरी जाईन, सध्या नातीच्या घरी आले. अशी हसली की साखर मागायची इसरून वाटी तशीच घेऊन गेली.

नायगावात शिल्पानं घर झकास बांधलंय. नळ घरात, गच्चीवर ऊन. पणती पुनम पहिलीला हाय. तिनंच ही वही दिली, आज्जे, माझ्यासारखं तू बी रोज लिही म्हणून. मला अक्षरं उशिरा आली, गावातल्या साक्षरतेच्या वर्गात, पण आली. अन् घरात अजून एक बाईमाणूस हाय, बुंदी. कुत्री. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून बुंदी. मला बघून शेपटीनं निम्मं अंगण झाडलं. या वयात कुणी एवढं हरखतंय का आपल्याला बघून? लई बरं वाटलं.

११ जानेवारी

आज जनावरांच्या डॉक्टर आल्या, मनिषाबाई. संग महांतेश, उदगीरकडला, बर्फाची पेटी धरायला. कुत्र्यामांजरांना गोचिडांमुळं ताप येतो म्हणे, त्यावर बाईंचा अभ्यास. घरोघरी रक्त घेत फिरून राहिले. आमच्या येळेला माणसाच्या तापाला काढा अन् घोंगडी, इथं मांजराच्या तापाला कॉलेज! चांगलंच हाय म्हणा, मुक्या जिवाला कोण इचारतंय.

बुंदी जरा मरगळलेलीच होती. महांतेशनं कानडीत बा अव्वा, बा, म्हंजे ये माय ये, म्हणून गोंजारलं तशी शहाण्या पोरीवानी पाय पुढं करून बसली. रक्त घेतलं, गोचिडं शिशीत भरली, लवकर कळवतो म्हणाले. मी चहा ठेवला अन् आमच्या वासराची गोष्ट काढली, तर बाई घड्याळ बघाय लागल्या. शिकलेली माणसं बुड टेकतच न्हाईत.

१४ जानेवारी, संक्रांत

कळवणारे कळवंनात. शिल्पा फोन लावून दमली.

बुंदीचा जबडा लोंबतोय. लाळेची तार जमिनीला टेकतीया. पाण्यात तोंड घालते, घोट उतरत न्हाई, घशात खर्र वाजतं. अंगावर येत न्हाई, गुरगुरत न्हाई, कोपऱ्यात गप. अडाण्याला बी कळंल, हाड अडकलंय. भूकंप झाला त्या साली आमच्या वासराच्या घशात आंब्याची कोय अडकली होती. मालक डॉक्टरला बोलवायला गेले, ते येईपर्यंत मी कोपरापर्यंत हात घालून कोय काढून ठेवली होती. तीच गोष्ट मला सांगायची होती त्या दिवशी.

तसंच केलं. हाताला तूप लावलं, बुंदीच्या घशात घातला, चाचपून चाचपून बघितलं. हाड न्हाई सापडलं. तिनं दात बी लावला न्हाई, नुसती माझ्याकडं बघत राहिली. तीळ कांडून अन् थंडीनं बोटांना भेगा पडल्यात, त्यात लाळ चरचरली. हात पाण्यात खळबळला, पदराला पुसला. बायका हळदीकुंकवाला आल्याच होत्या.

१६ जानेवारी

बुंदी गेली. पुनम जेवली न्हाई, मी बी न्हाई.

आता आल्या मनिषाबाई! हातमोजे, तोंडाला फडकं. तपासायला तिचं डोकं घेऊन गेल्या. आमच्या बुंदीचं मुंडकं, बर्फाच्या पेटीत.

२० जानेवारी

गोचीड-ताप नव्हताच. पिसाळली होती. महांतेश सांगायला आला. मी म्हणलं, पिसाळलेलं कुत्रं गावभर चावत सुटतं, ही तर गरीब गाय. तो म्हणाला, असं गप पडणारं बी असतंय अज्जी, जबडा लुळा पडतो.

म्हंजे हाड नव्हतंच.

संग दवाखान्याची बाई होती. कुणाला चावली का, ओरखडलं का, इचारत गल्लीभर फिरली. पुनमच्या पायाला नख लागलेलं, तिला सुया सुरू केल्या. मला इचारलं. मी वासरापासनं सांगायला घेतलं. बाई म्हणाली, आज्जी, गोष्ट नको, चावली का तेवढं बोला. न्हाई, म्हणलं. ओरखडलं? न्हाई. गेली पुढच्या घरी. राहिलेलं सांगत मागं मागं गेले तर शिल्पा म्हणते, आज्जे, लोकांना कामं असतात.

जाऊ द्या. चावलीच न्हाई तर मला काय व्हतंय.

१८ फेब्रुवारी

उजव्या हाताला मुंग्या. भेगा बुजल्या, तरी आत कायतरी चालून राहिलंय, बोटापासनं वर. शिवकन्या म्हणते, वात. तेल चोळलं. मुंग्या न्हाई थांबल्या.

२१ फेब्रुवारी

चहा उतरंना. घसा आवळतो. डॉक्टरनं घशाची गोळी दिली. त्यांना बुंदीचं सांगणार होते, पण रांग मोठी. तोंड उघडलं की आ करा म्हणतात, बोला कुणी म्हणत न्हाई.

२२ फेब्रुवारी

पंखा बंद करा म्हणलं. वारं लागलं की घसा—

पुनमनं पाण्याचा पेला पुढं केला. पाणी हललं, अन् मी लेकरावर असं ओरडले. पेला फुटला. माझं तोंड असं न्हाई, देवा. घशातून खर्र झालं. बुंदीचं जसं—

२३ फेब्रुवारी

दार आतून लावलं. पुनमला येऊ देत न्हाई.

लई तहान. नळाचा आवाज सोसत न्हाई.

शिल्पाला दाराआडून सांगितलं. तूप, हात, लाळ, भेगा. या बारीला तिनं मधी तोडलं न्हाई. मग रडायचा आवाज. आता काय करू म्हणत होती, मला न्हाई, सवताला.

२४ फेब्रुवारी

शिल्पा गाडी बघाय गेली, नांदेडला न्यायला. लाळ कागदावर— पुसते— परत—

गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचायला मनिषाबाई अन् महांतेश परत येणार हायेत. त्यांना एवढंच— चावली का, इचारू नका— तोंडात हात घातला का, इचारा— माझ्यासारख्या लई हायेत बाया— चावलं न्हाई म्हणतील, खरंच म्हणतील—

येत्या सोमवारी येतो म्हणालेत. आज तर मंगळ—