त्रयस्थ वाचक आणि पिवळा पडदा

तीर्थस्वरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून (उजव्या पायापासून जरा लांब, कारण तिथल्या नडगीला लागलंय असं मामीने फोनवर सांगितलं) ढगूबाईचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईची कंबर दुखते आणि बाबा ती दुखत नसल्याचं तिला समजावून सांगतात, म्हणजे घरात सगळं नेहमीसारखंच चाललंय. तुमची, मामीची आणि गॅलरीतल्या कुंड्यांची खुशाली कळवावी. मागच्या दाराची ती पायरी तुम्ही स्वतः आखून बांधून घेतलेली, तीस वर्षं रोज उतरता, आणि तिनेच तुम्हाला पाडावं याचं मला फार नवल वाटलं. मामी म्हणाली की तुमच्या मते पायरीच सरकली आहे. सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेल्या माणसाने असं म्हटल्यावर पायरीची काय बिशाद जागच्या जागी राहण्याची! तर जपा.

पत्र लिहायचं कारण असं, की माझा एक वाचक हरवला आहे आणि तो मला परत हवा आहे. तुम्ही आयुष्यभर लोकांचे हरवलेले हद्दीचे दगड शोधून दिलेत, तेव्हा या बाबतीत तुमच्याइतका जाणता माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही.

मी ब्लॉग लिहिते हे तुमच्या कानावर असेलच. (आईने ते कुणाच्या कानावर घातलेलं नाही?) चष्म्याच्या दुकानात दुपारी दोन ते चार कुणी फिरकत नाही. मालकीणबाई मागच्या खोलीत खुर्चीतच डुलकी काढतात. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीला एखादा ढग येऊन टेकतो आणि मी पुसून ठेवलेल्या काचांमध्ये तोच ढग एकदम चाळीस ठिकाणी दिसायला लागतो, एका काचेत चपटा, एकीत फुगलेला, एकीत चक्क उलटा. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वरून खाली बारीक होत जातात आणि शेवटच्या ओळीपाशी डोळे जड होतात. अशा वेळी आपण जागे आहोत की झोपेत, दुकानात आहोत की टाकीवर, हे मला खरोखर कळत नाही. ते कळेपर्यंत जे सुचतं ते मी लिहून टाकते. ढगूबाई हे नाव तुम्ही मला पाचव्या वर्षी उगीच ठेवलं नव्हतंत.

वाचक एकूण चौदा. त्यात आई दोन नावांनी आहे. तेरा जण "छान", "मस्त", "सुंदर" यांपैकी हाताला लागेल तो शब्द टाकून पुढे जातात. (एकाने तर माझ्या शेजारणीच्या मृत्यूवरच्या लेखालाही "मस्त" लिहिलं. माणूस चांगला आहे, घाईत असतो.) चौदाव्याचं नाव "त्रयस्थ". हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि मग कंबर कसून बसतो. आमच्या जिन्याच्या एकोणीस पायऱ्या चढताना मला कसं ढगात शिरल्यासारखं वाटतं यावर मी जीव ओतून लिहिलं, तर खाली त्रयस्थ हजर: "प्रत्यक्ष पाहता पायऱ्या सतरा आहेत. लेखिकेने मोजून लिहावे." मी तणतणत खाली गेले आणि मोजत वर आले. सतरा! पुन्हा मोजल्या, तरी सतराच. इतकी वर्षं ज्या दोन पायऱ्या मी चढत होते त्या कुठे गेल्या, या विचाराने माझी ती दुपार फुकट गेली. टाकीवर ढग तासभर थांबला असं लिहिलं तर वाऱ्याचा वेग विचारून याने मला पार उघडं पाडलं. सुरुवातीला फार लागायचं, मामा. रडूही यायचं, खोटं कशाला सांगू? पण हळूहळू लिहिताना मी आपोआप थांबून विचारायला लागले, की हे त्रयस्थाला पटेल का? मग उठून, मोजून, हात लावून यायचे आणि नंतरच स्वप्नं बघायचे. माझं लिहिणं जरा बरं झालं असेल तर ते त्या माणसामुळे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग या वसंतात त्याने माझ्या फोटोंकडे मोर्चा वळवला. आमच्या खिडकीचा पांढरा पडदा वाऱ्याने फुगतो, त्यावर मी लिहिलं आणि फोटो लावला. त्रयस्थ म्हणाला, पडदा पिवळा आहे. मला वाटलं, असेल. पडदा धुतला, वाळवला, पुन्हा फोटो काढला. अजून पिवळाच. पुन्हा धुतला, निळीत बुडवला. (बाबांचा बनियनही चुकून त्यातच गेला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला.) तरी पिवळा! पुढच्या आठवड्यात म्हणाला, तुमच्या दिव्याभोवती कडं दिसतं, फोटो नीट काढा. मी फोनची काच दुकानातल्या भारी कापडाने चार वेळा पुसली. मग म्हणाला, पानावरची छपाई फिकट आहे. मी पानाचा रंग बदलला, अक्षरं जाड केली, तरी फिकटच. तिसऱ्यांदा बदलल्यावर बाबा म्हणाले की आता तुझा ब्लॉग थेट औषधाच्या खोक्यासारखा दिसतो. आणि शेवटी जिन्याच्या फोटोखाली आलं: "पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळल्या आहेत. अशा फोटोत पायरी कुठे संपते ते कळत नाही."

इथे माझं डोकं फिरलं. पडदा दोनदा धुतलेल्या बाईच्या सहनशीलतेलाही काही हद्द असते. "टीकाकारांस" असा मथळा देऊन मी एक लांबलचक लेख लिहिला, त्यात "काही लोकांना जगात फक्त डाग दिसतात" असं एक वाक्य टाकलं (तेव्हा ते मला फार सुंदर वाटलं होतं) आणि प्रतिक्रियांची सोयच बंद करून टाकली. तीन दिवस छान शांतता होती. ढग आले, टेकले, गेले. पण मी काहीही लिहिलं तरी ते खरं आहे की नाही हे सांगायला कुणी उरलं नव्हतं, आणि मला कशातच राम वाटेना.

चौथ्या दिवशी दुकानात कपडे शिवणाऱ्या एक बाई आल्या. डोळ्यांची तक्रार घेऊन कुणी आलं की आमच्याकडे एक कार्ड भरायचं असतं. गिऱ्हाईक सांगेल ते आपल्या मनाचं काही न घालता लिहायचं आणि शुक्रवारी येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवायचं. मी अर्धं लक्ष टाकीवर ठेवून लिहीत होते. पांढरं कापड पिवळट दिसतं. दिव्याभोवती कडं दिसतं. छापलेलं फिकट वाटतं. पायऱ्या उतरताना कडा कळत नाहीत. एवढं लिहिलं आणि माझं पेन थांबलं. तीच चार वाक्यं, मामा, त्याच क्रमाने! नऊ वर्षं हे प्रश्न मी येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ विचारत आले, आणि एक माणूस न विचारता दर आठवड्याला मला उत्तरं पाठवत होता, तर मी पडदे धूत बसले. लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी प्रतिक्रिया पुन्हा सुरू केल्या. त्रयस्थाचा पत्ता नाही. मग मी मुद्दाम चुका पेरल्या. पायऱ्या एकवीस लिहिल्या. सूर्य स्वयंपाकघराच्या खिडकीतून उगवतो आणि तिथेच मावळतो असं लिहिलं. एका लेखात तर फेब्रुवारीला एकतीस दिवस दिले. तेरा जणांनी "छान" म्हटलं. (आईने दोनदा.) चौदाव्याने हूं की चूं केलं नाही. म्हणजे एक तर तो माझ्यावर रुसला आहे, नाही तर त्याला आता वाचताच येत नाही. पहिलं असेल तर मी हात जोडून माफी मागते. दुसरं असेल या विचाराने मात्र गेले पाच आठवडे मी दर तासाला प्रतिक्रिया उघडून बघते.

त्या शिवणाऱ्या बाईंचं पुढे काय झालं ते सांगते. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, सकाळी गेल्या आणि जेवायच्या वेळेला घरी. गेल्या शुक्रवारी पुन्हा आल्या तेव्हा दारातच थबकल्या आणि आमच्या भिंतींकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं आम्ही रंग दिला. मग त्यांनी स्वतःच्या ब्लाउजची बाही उचलून शिलाई पाहिली, आपणच घातलेले टाके बोटाने एकेक करून मोजले आणि खुर्चीत बसून थोडं रडल्या. मी पाणी दिलं. टाकीवर ढग होता, चाळीस काचांतही होता, पण त्या दुपारी मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मामा, मला तुमचा सल्ला हवा आहे. एक हट्टी, हुशार, म्हातारा गृहस्थ आहे, ज्याच्या मते त्याचे डोळे ठणठणीत असून बाकी जगच फिकट, पिवळं आणि सरकलेलं आहे. त्याला डॉक्टरांच्या खुर्चीत कसं बसवावं? तुम्ही त्याच्या जागी असतात तर कुणाचं ऐकलं असतंत? उत्तर लवकर द्यावं. मामीला नमस्कार.

तुमची,
ढगूबाई

ता. क. : आमच्या जिन्याच्या पायऱ्या माझ्याआधी एकाच माणसाने मोजल्या आहेत. आम्ही या घरी आलो तेव्हा कपाट वर चढेना, म्हणून खिशातून टेप काढून ज्याने प्रत्येक पायरीची रुंदी लिहून घेतली आणि कपाट आडवं करून वर नेऊन दाखवलं, त्याने. शिवाय "प्रत्यक्ष पाहता" असं बोलायची सुरुवात करणारा मला माहीत असलेला माणूस जगात एकच आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सांगितलं असतं तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतंत, आणि मला ते नको होतं.

ता. क. दोन : येत्या शुक्रवारी अकराला डॉक्टरांकडे कार्ड ठेवलं आहे. नावाच्या जागी "त्रयस्थ" लिहिलं आहे, म्हणजे तुम्हाला घरी "मला काही झालेलं नाही" हे म्हणत राहायची मोकळीक आहे. पडदा मी त्यानंतर धुतलेला नाही. तो कोणत्या रंगाचा आहे हे नंतर तुम्हीच येऊन सांगायचं. तोवर त्याबद्दल मी एक ओळ लिहिणार नाही.

ता. क. तीन, फक्त मामीसाठी : हे तूच मोठ्याने वाचून दाखवते आहेस, हे मला माहीत आहे. आता इथे थांब आणि पत्र त्यांच्या हातात दे. मी मुद्दाम रोजच्याच अक्षरात लिहिलंय. बसल्या जागी त्यांनी ते वाचलं तर मी चुकले, तसं ब्लॉगवर जाहीर लिहीन. पण खिडकीशी नेऊन, लांब धरून, जवळ धरून, "हिचं अक्षर बिघडलंय" म्हणत त्यांनी तुला परत दिलं, तर काही बोलू नकोस. त्यांच्या चपला दाराशी काढून ठेव. मागच्या पायरीवर तू त्यांचा हात धर, आमच्या जिन्यावर मी धरीन. पायऱ्या मोजायचं काम त्यांचं.