एकशेविसावा पुठ्ठा

कुपांग, ३ ऑगस्ट १९९७

ती. वुए, माझी थोरली ताई युस्टिना हिस,
धाकट्या बहिणीचा, एर्मेलिंडाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते. परदेशी परिचारिका म्हणून जायच्या या शिकवणीत श्वास घ्यायची फुरसत नाही. सकाळी इंग्रजी आकडे, दुपारी दवाखान्यातले संक्षेप, संध्याकाळी उपसर्ग. ताप किती, नाडी किती, हे फोनवर असं सांगा की पलीकडची परिचारिका डुलक्या काढत असली तरी चुकायला नको, असं आमच्या बाई म्हणतात. इंग्रजीत पंधरा आणि पन्नास जुळ्या बहिणींसारखे ऐकू येतात, म्हणून 'फिफ्टीन' म्हटलं की लगेच 'वन, फाइव्ह' असं सुटं करूनही सांगायचं. शेजारच्या खाटेवरची मुलगी भाताच्या रांगेतही वन, फाइव्ह पुटपुटत असते.

आपल्या आईच्या परीक्षेपुढे मात्र हे काहीच नाही. माझे ते बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे आठवतात ना? पुढे इंग्रजी संक्षेप, मागे आपल्या भाषेत अर्थ. एक अक्षर वाचता येत नसताना ती मागावर बसून एकेक पुठ्ठा दाखवायची आणि मी अडखळले की तीच उत्तर द्यायची. सुताला गाठी मारताना नक्षी एकदा नजरेत बसली की जन्मभर सुटत नाही, तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय, असं वर ऐकवायची. उपसर्गांची तर तिला फार गंमत वाटायची. एवढंसं शेपूट, तेही पुढून लावायचं, आणि अख्खा शब्द उलटा, कसली ही माणसं, म्हणून हसायची.

तिचं पोट अजून दुखतं का? खरं लिही. बाबांच्या आजारपणात मी शिकवणी अर्धी टाकून आले, जागा गेली, तीन वर्षं थांबावं लागलं. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. आताही तसं काही असेल तर परदेशची नोकरी आणि परीक्षा दोन्ही गेल्या खड्ड्यात, पहिल्या बोटीने निघून येईन. हे आईलाही वाचून दाखव.

तुझा लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
एर्मी


वातुब्लापी, १४ ऑगस्ट

चि. एर्मीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. बोटीचं वाचल्यावर तिने हातातलं सूत खाली ठेवलं. मग म्हणाली, ही पोरगी येईलसुद्धा, खेचरासारखी हट्टी आहे. आणि पुन्हा सूत बांधायला लागली.

शेवटी परवा तिला खाली शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, आणि मी औषधाच्या रांगेत उभी असताना डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. जावा बेटावरचे आहेत, बोलणं फार भरभर. बाहेर आली तेव्हा हातात कागद होता. घरातल्या शिकलेल्या माणसाला दाखवा, असं त्यांनी सांगितलं म्हणाली. त्यावर ही त्यांना म्हणे, माझी धाकटी परिचारिका आहे, तिच्याहून शिकलेलं आमच्या डोंगरावर कोणी नाही. तेव्हा बाईसाहेब, कागद जसाच्या तसा उतरवते: बीपी १००/६०. एचबी ८. लोहाच्या गोळ्या, पीओ, टीआयडी. बस, एवढंच आहे. अक्षरं मला लागतात, अर्थ तू सांग. आई म्हणते, लवकर कळव म्हणजे तुझाही जीव भांड्यात पडेल.

नीट जेव. केस गळत असतील तर खोबरेल लाव, इथे असताना तुला कधी सांगून कळलं नाही.
तुझी वुए


कुपांग, २२ ऑगस्ट

ती. वुएस सा. न.

पत्र वाचून मी खाटेवर उडीच मारली. ऐक! बीपी म्हणजे रक्तदाब, थोडा कमी आहे. एचबी म्हणजे रक्ताचा कस, तोही कमी. पीओ म्हणजे तोंडाने घ्यायचं, टीआयडी म्हणजे दिवसातून तीनदा. आईच्या अंगात रक्त कमी आहे, दुसरं काही नाही. शेवग्याचा पाला रोज, रविवारी कलेजी, आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. उगाच घाबरवलंत मला. कागदावर जे असतं ते मला आता सगळं वाचता येतं, हे आईला ठासून सांग.

ते पुठ्ठे मात्र पाठवून दे. परीक्षा वीस सप्टेंबरला आहे आणि इथली छापील पुस्तकं डोळ्यांपुढे नाचतात. आईच्या हाताची नीळ लागलेले ते पुठ्ठेच बरे.

रागावली नसशील तर दोन ओळी लगेच लिही.
एर्मी


वातुब्लापी, २ सप्टेंबर

चि. एर्मीस आशीर्वाद.

शेजारचा मारियुस त्याच्या मेव्हण्याकडे कुपांगला निघालाय, त्याच्याबरोबर पुठ्ठे देते आहे. आईने मला हात लावू दिला नाही. स्वतः मोजले, तेही इंग्रजीत, वन टू थ्री करत, आणि पुडक्याला गाठी मारताना मला विहिरीवर पिटाळलं. एकशेवीस आहेत म्हणाली.

ती बारीक झाली आहे. पाला मी तीनदा करते, ती दोन घास खाते आणि मला बरं वाटावं म्हणून बोटं चाटते. तुझ्यासाठी नेसायचा उतान विणायला घेतलाय. तांबडा रंग मुरायला वेळ द्यायला हवा, हे तीच गावाला शिकवते, आणि या खेपेला सूत ओलं असतानाच मागावर चढवलं. कसली घाई म्हणून विचारलं तर म्हणाली, पोरगी परदेशी जाणार, तिथे थंडी असते. मला काळजी वाटते गं. पण तू कागद वाचलास म्हणून धीर धरून आहे.

अभ्यास कर. इकडची चिंता माझ्याकडे राहू दे.
युस्टिना


कुपांग, १२ सप्टेंबर

ती. वुएस सा. न.

पुठ्ठे पोचले. पण मातोश्रींना सांग, त्या नापास झाल्या! दोनदा मोजले, एकशेएकोणीसच भरले. वन, वन, नाइन. एवढी मोठी विणकरीण, हजारो धागे मोजणारी, आणि एका पुठ्ठ्याला चुकते? मागाखाली पडला असेल नाहीतर कोंबडीने नेला असेल. कोणता हरवलाय ते शोधत बसायला आता वेळ नाही, एकाने काय बिघडतं?

वीस तारखेला सकाळी माझ्या नावाने मेणबत्ती लावा. बाकी भेटीत.
तुमची एर्मी


कुपांग, २१ सप्टेंबर

ती. आईस, लाडक्या लेकीचा सा. न. वि. वि.

आई, मी पास झाले! तोंडी परीक्षेत त्यांनी सोळा उपसर्ग विचारले, पंधरा आले. आकडे तर असे सांगितले की परीक्षक हसून म्हणाले, तुम्हाला कोणी शिकवलं? मी म्हटलं, आमच्या आईने, ती कापड विणते. त्यांना वाटलं मी थट्टा करते. जानेवारीत जायचं आहे. त्याआधी महिनाभर घरी येऊन तुझं डोकं खाणार आहे. उतान झाला का?

तुझीच,
एर्मी


वातुब्लापी, ३ नोव्हेंबर

चि. एर्मीस आशीर्वाद.

हे पत्र तू फाडलंस तरी आधी वाच.

तू आलीस तेव्हा आईला पुरून तीन दिवस झाले होते. सगळ्या गावासमोर अंगणात तू मला म्हणालीस, तुला माहीत होतं, तू माझ्यापासून माझी आई चोरलीस. आणि दुसऱ्या बोटीने गेलीस. त्यातलं अर्धं खरं होतं. शेवटचे दहा दिवस ती उठत नव्हती. चरख्यावर माझा हात ठेवून तिने शपथ घ्यायला लावली, की वीस तारखेची परीक्षा उरकेपर्यंत एर्मीला एक अक्षर कळवायचं नाही. एकोणीसला पहाटे ती गेली आणि वीसला दुपारी मी तार केली, ती तुझं एकवीसचं पत्र टाकून झाल्यावर तुला पोचली. तो एक दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. त्याबद्दल तू मला जन्मभर बोल, मी ऐकून घेईन. पण आजार काय होता ते मला माहीत नव्हतं. मी तुझ्या शब्दावर पाला शिजवत होते.

चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि मी माग उतरवला. कापसाच्या टोपलीच्या तळाशी दवाखान्याचा दुसरा कागद निघाला. त्या दिवशी दोन कागद होते, एर्मी. तिने मला एकच दाखवला. कागदावर एका शब्दाखाली निळं बोट उमटलंय. आणि त्यालाच, सुताला मारतो तशा गाठीने बांधलेला, तुझा पुठ्ठा. पुढे लिहिलंय, इनॉप. मागे तुझ्या अक्षरात, शस्त्रक्रिया करता येणार नाही.

तिने नक्षी जुळवावी तसा तो शब्द जुळवला असणार, बहुतेक मी चुलीपाशी असताना. मी उलटून पाहू नये आणि तुझ्या मनात येऊ नये म्हणून पुठ्ठाच काढून घेतला. तुझ्या बारा तारखेच्या पत्रातलं वन, वन, नाइन मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती हसली होती. म्हणाली, पोरगी मोजायला शिकली.

तुझं एकवीसचं पत्र मी थडग्यापाशी मोठ्याने वाचलं. उतान पाऊण झालाय, उरलेला मी विणीन, माझा हात तिच्यासारखा नाही हे समजून घे. पुठ्ठा सोबत पाठवते, गाठ सोडलेली नाही.

एकटी पडलेली
युस्टिना


कुपांग, १४ नोव्हेंबर

ती. वुएस, पायांवर डोकं ठेवून सा. न. वि. वि.

वुए, मला क्षमा कर. चोर म्हणायला मला तूच सापडलीस. कागदावरचं सगळं मला वाचता येतं असं मीच लिहिलं होतं. आणि एकाने काय बिघडतं, हेही मीच लिहिलं. हरवलेला कोणता ते तेव्हा शोधलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. तिला ठाऊक होतं मी शोधणार नाही. बोटीने येईन म्हणून मीच ऐकवलं होतं, आणि लपवायचा कोणता शब्द हेही मीच शिकवलं.

परीक्षेत जो एक उपसर्ग मला आला नाही, तो हाच होता, 'इन', म्हणजे नाही. बाकीचे रोज घोकत होते, पण त्याचा पुठ्ठा हाताशी नव्हता.

उरलेला उतान तूच वीण, मी घरी येते आहे, शेजारी बसून सूत धरीन. गाठ मीही सोडणार नाही. पुठ्ठा तसाच पुडक्यात ठेवला आणि सगळे पहिल्यापासून मोजले, आई मोजायची तसे, मोठ्याने. एकशेवीस भरले. वन, टू, झिरो.

तुझी
एर्मी