कागदावरची दोन अक्षरं

बुधवार, ९ ऑक्टोबर १९५७
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. काल दवाखान्यात डॉक्टरने नीलाच्या कागदावर इंग्रजीत दोन अक्षरं खरडली – पी. सी. – आणि पुढच्याला हाक मारली. गुणाजी कंपौंडरने कागद वाचला. म्हणाला, 'वहिनी, हा पोरांचा क्षय.' दोन वर्षांची आहे माझी पोर!
सासूबाईंनी तिची वाटी वेगळी केली. आज परत ताप. मिरच्यांनी दृष्ट काढली.

गुरुवार, १०
ताप नाही. सासूबाई – 'बघ, माझ्या मिरच्या!'

शुक्रवार, ११
परत ताप. परत मिरच्या.
मंगळवारी नीलाला गावी गोदाआत्याकडे नेऊन ठेवायचं ठरलंय. पडवीत. एकटी! हे मान खाली घालून – 'आई म्हणते ते...' मी म्हटलं, मलाही तिथेच टाका. सासूबाई – 'तोंड आवर.' नाही आवरणार!

सोमवार, १४
कोणाला न विचारता कल्याणहून ठाण्याला गेले. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. कागद बघून म्हणाल्या, 'याचा अर्थ क्षय होतो, औषध जेवल्यावर घ्या असाही होतो. अक्षरं ठेव बाजूला. पोरीचं सांग.' खोकला? नाही. घरात कोण खोकतं? कोणी नाही. पोट चाचपलं, 'पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून हाताला लागतेय.' ताप कधी येतो? म्हटलं, सासूबाई दृष्ट काढतात, दुसऱ्या दिवशी उतरतो, मग परत चढतो.
बाईंनी विचारलं, 'मिरच्या कुठल्या कुठल्या वारी जाळल्या?'
बुधवार. शुक्रवार. काल रविवार.
'अगं, म्हणजे ताप दिवसाआड की!' नीलाच्या बोटाचं रक्त काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. हिवताप! क्षय नाही! गोळ्या दिल्या.
घरी सांगितलं. सासूबाई – 'बाई कुठली डॉक्टर! उद्या धाकू येतोय न्यायला.' धाकू माझा दीर. येऊ दे. आतून कडी मी घालणार.

मंगळवार, १५
धाकू दार ठोकतोय. उघडलं नाही. पण मलाच हीव भरलंय, दात वाजतायत. सासूबाई बाहेरून – 'लागला ना तुलाही क्षय!' माझी शुद्ध गेली तर दार फोडून नीलाला नेतील. मागच्या खिडकीतून ही वही रस्त्यावर टाकतेय. ज्याला सापडेल त्याने माझ्या भावाला फोन करा. दौलत, कोलशेतचा कारखाना, नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. त्याला सांगा, हिवताप आहे, गोळ्या माझ्या पदराला बांधल्यात. आधी नीलाला दे.